सतरा सप्टेंबरची बाटली

पिंपळे गुरव
रविवार, ११ जून २०२३

प्रिय विजू,

ज्योतीरामच्या हाती हे पत्र आणि एक मोठी पिशवी पाठवतेय. ज्योतीराम आमच्याच सोसायटीत राहतो, लातूरकडचा आहे. चाकणच्या एका कंपनीची बस चालवतो आणि तुझ्या मळ्याच्या फाट्यावरूनच रोज जातो. पोस्टापेक्षा त्याच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

पिशवीत बॉम्ब नाही, घाबरू नकोस. एकाखाली एक टांगलेली काळी नरसाळी आहेत आणि सगळ्यांत खाली एक भांडं. याला सापळा म्हणतात. सोबतची वासाची पुडी वरच्या कडीला अडकवायची. त्या वासाला भुलून लाकूड पोखरणारे भुंगेरे येतात, नरसाळ्यांतून घसरतात आणि भांड्यात पडतात.

आता हे कशासाठी, ते सांगते. माझी जुनी विद्यार्थिनी स्नेहल एका संस्थेत काम करते. कारखान्यांमध्ये परदेशातून यंत्रं येतात, ती लाकडी पेट्यांमधून. त्या लाकडात कधीकधी तिकडची कीड लपून येते. ती इथल्या झाडांत शिरून पसरली की मग हातात काही उरत नाही. म्हणून ती पहिल्यांदा येईल तेव्हाच सापडायला हवी. चाकण ते तळेगाव असे चाळीस सापळे लावायचेत. एक तुझ्या आंब्यांत लावशील ना? दर पंधरा दिवसांनी भांड्यात पडलेलं सगळं स्पिरिटच्या छोट्या बाटलीत भरायचं, तारखेची चिठ्ठी आत टाकायची आणि ज्योतीरामकडे द्यायची. चिठ्ठी पेन्सिलने लिही. स्पिरिटमध्ये शाई विरघळते.

बाटल्या तपासायचं काम माझ्याकडे आहे. छत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून घरी बसले, तेव्हा वाटलं होतं, आता आपलं कुणाला काही काम नाही. स्नेहलने भिंग आणि रजिस्टर माझ्या डायनिंग टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्यासारखी नजर कुणाची नाही." विजू, त्या रात्री मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

रविवार आहे, म्हणून पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण बोर्डिंगमधला रविवारचा पत्रांचा तास अजून अंगातून जात नाही. चोरटा कसा आहे?

तुझी,
जया

*

मळा, चाकण
रविवार, २५ जून २०२३

प्रिय जया,

सापळा टांगला. चोरट्यालाच टांगला, दुसऱ्या कुणाला मान दिला असता तर तो रुसला असता.

आत्याबाईंनी बाजेवरून सगळा सोहळा पाहिला. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या झाल्या, पण नजर घारीची. म्हणाल्या, "ह्ये काय गं, झाडाला सलाइन लावलं का काय?" मी सांगितलं, परदेशी किडे पकडायचेत. तर म्हणतात, "आपल्या किड्यांनी काय घोडं मारलंय? पयलं ते धर की!" आमचे हे, दौलतराव, इतके हसले की चहा सांडला.

तू चोरट्याची चौकशी केलीस आणि मी उगाच पंचेचाळीस वर्षं मागे गेले. कॉन्व्हेंटच्या बागेतला तो आंबा, तू खाली पहाऱ्याला आणि मी झाडावर. सिस्टर ॲग्नेसनी पकडलं तेव्हा फळ खाऊन झालं होतं, पण कोय माझ्या खिशात होती. ती मी घरी नेऊन रुजवली आणि लग्न होऊन इथे आले तेव्हा डालड्याच्या डब्यातलं ते रोप मांडीवर घेऊन आले. आत्याबाई तेव्हाही म्हणाल्या होत्या, "लोकाच्या सुना भांडी आणत्यात, हिनं झाड आणलं." नाव मात्र त्यांनीच ठेवलं, चोरटा. बाकीचे तेरा त्याच्याच कोयींचे. कारखान्यांनी जमीन घेतल्यावर आता आमच्याकडे हे वीस गुंठेच उरले आहेत. मी सकाळी त्या चौदांना मोजूनच चूल पेटवते.

एक आनंदाची गोष्ट. यंदा कांदे साठवायची चाळ नवी बांधली. जुनी पार कुजली होती. भंगारवाल्याकडून कंपनीच्या पेट्यांच्या फळ्या आणल्या, पांढऱ्याशुभ्र, हलक्या, आणि वास तर असा की चाळीत शिरलं की देवळात शिरल्यासारखं वाटतं. चोरट्याच्या अगदी शेजारी उभी केली, सावलीला. ये एकदा बघायला.

पहिली बाटली सोबत आहे. ज्योतीराम विचारत होता, "मावशी, बाटलीला दारूचा वास येतोय. गेटवरच्या सेक्युरिटीनं धरलं तर काय सांगू?" मी म्हटलं, सांग, किड्यांची आहे. म्हणाला, "मग तर नक्कीच न्हाई सोडणार!"

तुझी,
विजू

*

पिंपळे गुरव
रविवार, ९ जुलै २०२३

प्रिय विजू,

पहिल्या बाटलीत सहा मुंग्या, दोन पतंग आणि आपलेच तीन साधे भुंगेरे. परदेशी पाहुणा नाही. रजिस्टरमध्ये शून्य लिहिलं. स्नेहलचा नियम आहे, शून्यसुद्धा भिंगाखाली बघूनच लिहायचं.

तुझ्या पत्राने बोर्डिंग डोळ्यांपुढे उभं राहिलं. आठवतं, सिस्टर आपली पत्रं वाचून मगच पाकीट बंद करायच्या? आणि आपण रडता रडता लिहायचो, 'मी मजेत आहे, काळजी नसावी.' तू तर एकदा ताप अंगात असताना लिहिलं होतंस.

चाळीचं वाचून आनंद झाला. नव्या लाकडाचा वास मलाही फार आवडतो. थंडीत येईन.

तुझी,
जया

*

मळा, चाकण
रविवार, १७ सप्टेंबर २०२३

प्रिय जया,

तुझी अक्षरं हल्ली फार मोठी येतात गं. एका ओळीत चार शब्द. पहिलीच्या पाटीसारखं वाटतं. नवीन पेन घेतलंस का?

आज थोडी काळजी म्हणून लिहितेय. चोरट्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला. आत्याबाईंनी काठी टेकत येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "भिरूड हाय. आंब्याला भिरूड न्हाई तर काय मोर लागणार व्हय?" भिरूड म्हणजे आपली नेहमीची खोड पोखरणारी अळी, ती इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी सांगितलं तसं मी भोकात तार घालून फिरवली, रॉकेलचा बोळा कोंबला आणि वरून चिखल लिंपला.

पण जया, काल सापळ्यात एक भुंगेरा पडला, तो मला वेगळा वाटला. बोटाच्या पेराएवढा, तकतकीत काळा, अंगावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके, आणि मिशा अंगापेक्षा लांब. तसलाच एक चाळीच्या फळीवरही बसला होता. आत्याबाई म्हणतात, तो भिरुडाचाच बाप. असेलही. बाटलीत घातलाय. नीट बघ आणि कळव. तू सांगितलंस की माझा जीव भांड्यात पडेल.

तुझी,
विजू

*

पिंपळे गुरव
रविवार, १ ऑक्टोबर २०२३

प्रिय विजू,

भिरूडच आहे. आत्याबाईंनी बरोबर ओळखलं. त्यांनी सांगितलेला उपायही योग्य आहे, तोच चालू ठेव. काळजीचं कारण नाही.

पेन नवीन आहे खरं, जरा जाड उठतं. मी मजेत आहे.

तुझी,
जया

*

मळा, चाकण
रविवार, १४ जानेवारी २०२४

प्रिय जया,

उद्या संक्रांत. तिळाच्या वड्या पाठवतेय. ऑक्टोबरनंतर तुझं एकही पत्र नाही. बाटल्या मी नेमाने पाठवते, त्या पोचतात एवढं ज्योतीरामकडून कळतं. तो एक चमत्कारिक गोष्ट म्हणाला. "तिकडच्या मावशींनी दार उघडलं आन् मलाच इचारलं, कोण पायजे?" रागावलीस का माझ्यावर? की तब्येत बरी नाही?

चोरट्याची उगवतीकडची बाजू वाळली. पानं गळून नुसत्या काड्या उरल्या आहेत. बुंध्यावर भोकं आहेत, वेडीवाकडी नाहीत, कंपासने काढल्यासारखी गोल. चिठ्ठी लिहायची पेन्सिल आत घालून पाहिली, बरोबर बसते. तशी भोकं मला आणखी पाच झाडांवर सापडली. आणि काल शेजारच्या अर्जुनरावांच्या बांधावरच्या आंब्यावरही.

रॉकेल घालते, चिखल लिंपते. तू म्हणाली होतीस ना, तोच उपाय. पण आता आत्याबाईच म्हणतात, "ह्ये भिरूड न्हाई गं. भिरूड इतकं नीटनेटकं न्हाई खात."

तुझ्या चाळीस सापळ्यांच्या गडबडीत माझी सहा झाडं म्हणजे काहीच नाही, मला कळतं. पण एकदा येऊन जाशील?

तुझी,
विजू

*

पिंपळे गुरव
रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

प्रिय विजू,

मंगळवारी स्नेहल तुझ्याकडे येईल. तिला सगळी झाडं दाखव, चाळही दाखव. ती सांगेल ते कर.

वड्या मिळाल्या. आत्ता जास्त लिहीत नाही.

जया

*

मळा, चाकण
रविवार, २५ फेब्रुवारी २०२४

प्रिय जया,

झालं सगळं. आता चौदा मोजायचं काम उरलं नाही, म्हणून सकाळी फार वेळ मिळतो. तेव्हा सविस्तर लिहिते.

तुझी स्नेहल गुणी पोर आहे. पायात बूट, डोक्याला फडकं, येताक्षणी आधी आत्याबाईंच्या पाया पडली. मग चोरट्यापाशी गेली, एका भोकाला कान लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. नंतर चाळीत शिरली. एकेक फळी उलटून बघत होती. मला म्हणाली, "काकू, परदेशातून येणारं पेटीचं लाकूड भाजून काढलेलं असतं, त्यावर तसा शिक्का असतो. या फळ्यांवर कुठे शिक्का दिसतोय?" काहींवर होता. दहा-बारा फळ्या कोऱ्या होत्या. तिने त्यातली एक कोयत्याने फोडली. आत बोट जाईल असे बोगदे.

देवळासारखा वास येतो म्हणून लिहिलं होतं ना मी तुला? तो किडीचा पाळणा होता. मीच निवडून आणला होता, आणि मीच चोरट्याच्या सावलीत मांडला होता.

स्नेहलने चौदाही झाडांवर लाल पट्टा मारला. अर्जुनरावांच्या तिन्हींवरही. म्हणाली, उन्हाळ्यात भुंगेरे बाहेर पडायच्या आत तोडून, चिरून, इथल्या इथे जाळायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षी पार खालच्या ओढ्यापर्यंतची झाडं जातील. दौलतराव सही करेनात. म्हणाले, "बाई, माझं बोट तोडा, पण माझ्या बायकोच्या झाडाला हात नका लावू." चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते असं काही बोलले, आणि मला त्यांनाच समजवावं लागलं. सही शेवटी मी केली.

करवत यंत्राची होती. प्रत्येकाला जेमतेम दहा मिनिटं. आत्याबाई बाजेवर पाठ करून बसल्या होत्या. चोरटा पडला तेव्हा वळून न बघता म्हणाल्या, "ग्येला का?" मी म्हटलं, गेला. "डब्यातनं आणला व्हता," एवढंच म्हणाल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

अर्जुनराव वाटेत भेटले तर बोलत नाहीत. बरोबरच आहे. त्यांची झाडं माझ्या चाळीने खाल्ली.

एकच विचारायचं आहे. जाताना मी स्नेहलला विचारलं, आधी कळलं असतं तर? ती म्हणाली, "सप्टेंबरात कळलं असतं, तर चाळ आणि एकच झाड." जया, मी सप्टेंबरात बाटली पाठवली होती ना? ती कुठे हरवली का? की मीच भुंगेरा नीट घातला नाही, चिठ्ठी शाईने लिहिली, काही चूक केली? रोज डोक्यात हेच फिरतं. तार फिरवताना आणि बोळे कोंबताना मीच त्यांना आतल्या आत ढकलत होते, असंही वाटतं. खरं काय ते सांग. तू सांगितलंस की मी मानेन.

तुझी,
विजू

*

पिंपळे गुरव
रविवार, ३ मार्च २०२४

विजू,

तू काहीही चूक केली नाहीस. तुझी बाटली वेळेवर आली. चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली होती. भुंगेरा अखंड होता, एक मिशीसुद्धा तुटली नव्हती. ही बाटली चार महिने माझ्या फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याच्या मागे होती. मी ती उघडलीच नाही.

पावसाळ्याच्या मध्यापासून मला दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी वाटलं भिंग खराब झालं. मग वाटलं दिवा कमी पडतो. ऑगस्टच्या बाटल्यांत मला नुसते काळे डाग दिसत होते. स्नेहलला सांगायला हवं होतं. पण जी मुलगी 'तुमच्यासारखी नजर कुणाची नाही' म्हणाली, तिला कोणत्या तोंडाने सांगू? तिने भिंग उचलून नेलं असतं आणि टेबलावर पुन्हा नुसतं मीठ-मिरपूड उरलं असतं. ऑपरेशन म्हणजे महिनाभर काम बंद, तेवढ्यात दुसरं कुणी येईल, ही भीती. बासष्टाव्या वर्षी एवढ्या क्षुद्र गोष्टीची भीती वाटते, हे मला ठाऊक नव्हतं.

मग तुझं पत्र आलं. ते मी खिडकीत उभी राहून, कागद नाकाशी धरून वाचलं. त्यात एक शब्द मला स्पष्ट मिळाला, भिरूड. तेवढा उचलला आणि रजिस्टरमध्ये लिहिला. आणि तुलाही तोच कळवला. विजू, तू माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवलास, आणि मी तुझ्या सासूबाईंचाच शब्द शाईने लिहून तुला परत पाठवला. त्या बिचाऱ्या अंदाजाने बोलल्या होत्या. त्या अंदाजावर मी शिक्का मारला.

संक्रांतीच्या पत्रात तू पेन्सिल भोकात बसते असं लिहिलंस, तेव्हाच मला कळलं की ते भिरूड नाही. तरी मी दोन आठवडे घालवले. मग स्नेहलला बोलावून फ्रिज उघडून दाखवला. तुझ्या दहा बाटल्या. तिने सतरा सप्टेंबरची उघडली आणि खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मॅडम, दिसत नाही एवढंच म्हणाला असतात, तर मी शेजारी बसून सांगितलं असतं, तुम्ही ओळखलं असतं." हे वाक्य आता मला रोज ऐकू येतं.

तुला चार फेब्रुवारीलाच हे लिहायचं होतं. लिहिलं आणि फाडलं. आता आपली पत्रं वाचायला सिस्टर नाहीत, तरी ऑक्टोबरातही मी लिहिलं, 'मी मजेत आहे.'

चाळीचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. तू जूनमध्येच मला लिहिलं होतंस, पेट्यांच्या फळ्या आहेत म्हणून. ज्या पेट्यांसाठी हे सगळं सर्वेक्षण, त्याच पेट्या. तेव्हा मला नीट दिसत होतं. तरी मी वाचून तुला लिहिलं, लाकडाचा वास मलाही आवडतो.

अर्जुनरावांनाही मी वेगळं पत्र पाठवलंय. त्यांना खरं कळायला हवं. रजिस्टरमधल्या नोंदीवर रेघ मारून, शेजारी कारण लिहून सही केली आहे.

क्षमा मागण्याएवढी माझी योग्यता नाही, म्हणून मागत नाही.

जया

*

पिंपळे गुरव
रविवार, ५ मे २०२४

विजू,

तुझं पत्र नाही, आणि यावं असं मी म्हणू शकत नाही. फक्त कळवते. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सोसायटीच्या गेटवरच्या पाटीतली सगळी नावं इथून वाचता येतात.

ज्योतीराम सांगत होता, तुझ्या फाट्यावर आता थेट डोंगर दिसतो, मधे काही नाही.

जया

*

मळा, चाकण
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

जया,

सहा महिने तुला लिहायला बसायची आणि उठायची. फार राग होता. अजून आहे. तो संपेल तेव्हा लिहीन असं ठरवलं असतं, तर हे पत्र गेलंच नसतं.

आत्याबाई जुलैत गेल्या. झोपेतच. त्यांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं होतं. ऐकून म्हणाल्या, "म्हंजी माझाच सबूद व्हता व्हय? आन् ती एवढी शिकलेली!" मग हसल्या. जया, त्या हसल्या म्हणून मला जास्त राग आला. मला जमलं नाही हसायला.

अर्जुनराव तुझं पत्र घेऊन आले होते. त्यानंतर बोलायला लागले.

आता कामाचं. स्नेहलने माझ्याकडे बारा सापळे दिले आहेत. मी स्कूटीवर फिरते, आमच्या वस्तीपासून तळेगावच्या रस्त्यापर्यंत. भंगाराच्या प्रत्येक दुकानात जाऊन फळ्यांचे शिक्के बघते. भंगारवाले मला 'शिक्केवाली काकी' म्हणतात. अजून कुठे तो भुंगेरा सापडलेला नाही. स्नेहल म्हणते, कदाचित आपण थांबवलं. कदाचित.

एक सापळा आपल्याच मळ्यात आहे, चोरट्याच्या बुंध्याचं जे उरलंय तिथे खांब रोवून टांगलाय. त्याची बाटली ज्योतीरामबरोबर पाठवतेय. स्नेहल सांगत होती, तू पुन्हा काम मागितलंस.

भिंग मीही विकत घेतलंय. या बाटलीत काय काय आहे ते मी आधीच बघितलं आणि एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं. ती चिठ्ठी मी पाठवत नाही. माझ्याकडेच राहील. तू बघ, तुला दिसेल ते लिही, मग मी ताडून पाहीन. यापुढे प्रत्येक बाटली अशीच.

वाईट वाटेल तुला. वाटू दे.

विजयश्री

*

पिंपळे गुरव
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

विजू,

बाटली आज सकाळी उघडली. खिडकीतल्या उजेडात, भिंगाखाली, तीनदा पाहिली.

लाल मुंग्या चार. पतंग एक, डावा पंख फाटलेला. आपला साधा तपकिरी भुंगेरा एक. वाळलेल्या गवताची काडी. बाटलीच्या तळाशी एक बारीक पांढरा कण होता, तो आधी ठिपक्यासारखा वाटला आणि मी पाच मिनिटं उठले नाही. सुईने बाजूला घेऊन पाहिला. चुना आहे, बहुतेक खांबाचा.

परदेशी भुंगेरा शून्य. बघून लिहिलं आहे.

तुझ्या चिठ्ठीशी जुळतं का ते कळव. जुळलं नाही तर लगेच कळव.

जया